कोअरइन्फो: कोअर विंडोजला दिसत नाहीत, की नुसते बसून आहेत?

मशीन बारा थ्रेडचं (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग, थ्रेड म्हणजे त्यावर चालणारी कामाची एक रांग) आणि काम चालतंय चारच थ्रेडवर, अशी तक्रार आली की बरेच जण आधी ड्रायव्हर टाकून बघतात आणि शेवटी विंडोज फॉरमॅट मारतात. या दोन्हींची गरज क्वचितच पडते. आधी एवढंच ठरवायचं असतं: कोअर विंडोजपर्यंत पोहोचलेच नाहीत, की पोहोचलेत पण सॉफ्टवेअर त्यांना हात लावत नाही? पहिल्या प्रश्नाचं नेमकं उत्तर देणारं टूल म्हणजे सिसइंटर्नल्स या मायक्रोसॉफ्टच्या टूलसंचातलं कोअरइन्फो. मार्क रुसिनोविच यांनी लिहिलेलं हे टूल फुकट आहे. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून छोटी झिप उतरवून उघडायची, इन्स्टॉलची भानगड नाही.

एक्सईवर डबल क्लिक करू नका. काळी खिडकी क्षणभर उघडून बंद होते आणि टूल खराब आहे असं वाटतं. त्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून तिथून चालवा. नुसतं चालवलं तर कॅशे आणि प्रोसेसरच्या फीचर्सची लांबलचक यादी अंगावर येते, म्हणून कोअरसाठी ‘-सी’ आणि सॉकेटसाठी (बोर्डावर प्रोसेसर बसवायची जागा) ‘-एस’ एवढेच पर्याय पुरे.

‘-सी’चं उत्तर म्हणजे फुल्या आणि रेघा. एका ओळीला एक खराखुरा कोअर आणि त्या ओळीत जितक्या फुल्या तितके त्याचे थ्रेड. चार कोअर, आठ थ्रेडच्या प्रोसेसरवर पहिली ओळ **------ आणि दुसरी --**---- अशी येते. इंटेलच्या आय-सेव्हन १२७०० वर बारा ओळी दिसायला हव्यात: आठ परफॉर्मन्स कोअरच्या दोन-दोन फुल्यांच्या, चार एफिशियन्सी कोअरच्या एकेका फुलीच्या. एकूण २० फुल्या.

टास्क मॅनेजरही कोअर, लॉजिकल प्रोसेसर आणि सॉकेटचा आकडा दाखवतोच. पण त्या आकड्यांतून नकाशा कळत नाही, आणि कोअरइन्फोची खरी किंमत नकाशात आहे. सगळ्या ओळी जागच्या जागी आहेत पण प्रत्येकीत एकच फुली आहे, तर एका कोअरवर दोन थ्रेड चालवणारं हायपर-थ्रेडिंग (एएमडीवर एसएमटी) बायोसमध्ये बंद आहे, किंवा प्रोसेसरला ते मुळातच नाही. ओळीच कमी असतील तर संशय दोन ठिकाणी घ्यायचा.

पहिलं ठिकाण एमएसकॉन्फिग, म्हणजे विंडोजचं सिस्टिम कॉन्फिगरेशन. बूट टॅब, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथे ‘नंबर ऑफ प्रोसेसर्स’ची चौकट. ‘इथे जास्तीत जास्त आकडा निवडा, पीसी पळेल’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि तो साफ चुकीचा आहे. चौकट रिकामी असली की विंडोज सगळे कोअर घेतं. खूण केली की ती फक्त मर्यादा बनते. पुढे प्रोसेसर बदलला, चारचा आठ कोअरचा केला, तरी जुनी मर्यादा तशीच राहते. खूण काढा, ओके, रीस्टार्ट. खात्री हवी असेल तर अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून बीसीडीएडिट ही बूटच्या नोंदी दाखवणारी कमांड चालवून बघा: चालू नोंदीत ‘न्यूमप्रॉक’ नावाची ओळ उरता कामा नये.

दुसरं ठिकाण बायोस. सक्रिय कोअरची संख्या ठरवणारं सेटिंग प्रत्येक बोर्डावर वेगळ्या नावाने, वेगळ्या मेनूत असतं. ते ‘ऑल’ किंवा ‘ऑटो’वर हवं. सापडलं नाही तर डिफॉल्ट सेटिंग लोड करा, पण स्टोरेज मोड आणि बूटचा क्रम आधी लिहून ठेवा, नाहीतर विंडोजच चालू होणार नाही.

‘-एस’ला लोक विचारत नाहीत, पण त्याने सुटणारं कोडं फार नेहमीचं आहे. विंडोज होम एकच सॉकेट वापरतं, प्रो दोन. दोन झिऑनच्या (इंटेलचे वर्कस्टेशन-सर्व्हरचे प्रोसेसर) वर्कस्टेशनवर होम टाकलं की दुसरा प्रोसेसर निव्वळ बसून राहतो. व्हर्च्युअल मशीनमध्येही तेच: आठ कोअर देताना आठ सॉकेट, प्रत्येकी एक कोअर अशी मांडणी झाली, तर आतल्या विंडोज प्रोला दोनच मिळतात. एक सॉकेट, आठ कोअर अशी मांडणी करा.

आता उणीव. नकाशा पूर्ण असेल तर कोअरइन्फोचं काम तिथेच संपतं. कोअर कामाला का लागत नाहीत, हे ते सांगत नाही. तिथे टास्क मॅनेजरच उपयोगी. सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसरनिहाय आलेख लावा. बारा थ्रेडच्या मशीनवर एखादा प्रोग्रॅम सतत आठ टक्क्यांच्या आसपास अडकला असेल, तर तो एकाच थ्रेडवर चाललाय. १०० भागिले १२ म्हणजे ८.३३. एक्सेलचे मॅक्रो असेच चालतात, त्यांना कितीही कोअर दिले तरी फरक नाही. मात्र एक्सेलची साधी सूत्रं अनेक थ्रेडवर चालू शकतात. ऑप्शन्समध्ये अॅडव्हान्स्डखाली, फॉर्म्युलाजच्या भागात मल्टी-थ्रेडेड कॅल्क्युलेशन चालू आहे का ते बघा. प्रोग्रॅम मुळात अनेक थ्रेडचा असूनही मोजक्याच कोअरवर धावत असेल, तर डिटेल्स टॅबमध्ये त्यावर राइट क्लिक करून ‘सेट अॅफिनिटी’ (प्रोग्रॅमने कोणते कोअर वापरायचे ते बंधन) तपासा. अॅफिनिटी मूळ प्रोग्रॅमकडून त्याने सुरू केलेल्या प्रोग्रॅमकडे जाते, म्हणून लाँचरवर घातलेलं बंधन त्यातून उघडलेल्या गेमवरही लागू होतं. रिसोर्स मॉनिटरमध्ये काही कोअरवर ‘पार्क्ड’ (तात्पुरते झोपवलेले) दिसलं तर घाबरू नका. भार वाढला की ते जागे होतात. भार भरपूर असूनही पार्क्डच राहत असतील, तरच पॉवर प्लॅनकडे बघा.

आणखी एक अडचण: प्रोसेसरला मुळात किती कोअर असायला हवेत, याच्याशी हे टूल पडताळणी करत नाही. ती कंपनीच्या पानावरून आपणच करायची.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा दुसरीकडे कुठे दोन प्रोसेसरचं जुनं वर्कस्टेशन घेत असाल, तर कोअरइन्फो पेन ड्राइव्हवर घेऊन जा. पैसे देण्याआधी दुकानातच ‘-सी’ आणि ‘-एस’ चालवा. एकच सॉकेट दिसला, तर आधी विंडोजची आवृत्ती विचारा. प्रो असूनही एकच दिसत असेल, तर बायोसच्या माहितीच्या पानावर दोन्ही प्रोसेसर दाखवायला सांगा. तिथेही एकच दिसला, तर दोन प्रोसेसरचा भाव देऊ नका.