खलनायकाचा उदय: त्याच्या मनातून की इतरांच्या नजरेतून?

मनात शिरून लिहिलं की द्वंद्व आयतं मिळतं, पण सत्ता कशी हाती आली हे धूसर राहतं. बालपणीचा एक आघात दाखवला की झालं, असं समजणं ही इथली नेहमीची चूक. आघाताने कणव येते, उदय पटत नाही. त्यासाठी निर्णयांची साखळी लागते, आणि प्रत्येक निर्णय त्या क्षणी रास्त वाटायला हवा. समजा, मंगळावरच्या वसाहतीत प्राणवायू कमी पडतोय. प्रमुख एका विभागाचा पुरवठा 6 तासांसाठी घटवतो. माणसं दगावतात, तो नोंदी बदलतो. मग नोंदी तपासणाऱ्या अभियंत्याला कोंडावंच लागतं. परतीची वाट प्रत्येक वेळी थोडी बुजते. द्वंद्व स्वगतात सांगू नका. बदललेल्या आकड्याकडे तो पुन्हा पुन्हा पाहतो, एवढं पुरतं.

बाहेरून लिहिताना सत्तेची यंत्रणा स्पष्ट दिसते: कायदा, मतदान, घाबरलेले सहकारी. धोका एवढाच, की खलनायक कोरडा होतो.

‘स्टार वॉर्स’ या अंतराळपटांच्या मालिकेने सत्ता आणि द्वंद्व दोन माणसांत वाटून घेतलं. 2002च्या भागात सत्ताप्रमुख पॅल्पटिनला आणीबाणीचे अधिकार सिनेट, म्हणजे तिथली संसदच देते. त्याला तिळमात्र घालमेल नाही. घालमेल तरुण योद्धा अनाकिनची, आणि 2005च्या भागात पत्नी गमावण्याच्या भीतीने तो पॅल्पटिनच्याच गळाला लागतो.

लघुकथेत दोघांना जागा नसते. तिथे मी मनातली वाटच निवडेन.