की टू इंग्लिश प्लेस-नेम्स: गावांच्या नावांसाठी पहिला थांबा

नॉटिंगहॅम विद्यापीठाची ही ऑनलाइन सेवा मोफत आहे. गावाचं नाव टाका किंवा नकाशावरून काउंटी (इंग्लंडमधला जिल्हा) निवडा. नोंदीत अर्थ येतो आणि त्याखाली नावातले घटक, प्रत्येकाच्या मूळ भाषेसह सुटे करून दिलेले असतात. खरं मोल या फोडीचंच आहे.

उदाहरणार्थ, शेवटी ‘हॅम’ दिसलं की वस्ती, असं धरून चालणारे हमखास फसतात. जुन्या इंग्रजीत ‘हाम’ म्हणजे वस्ती, तर ‘हम्म’ म्हणजे नदीच्या वळणाने वेढलेली जमीन. आजच्या स्पेलिंगमध्ये दोन्ही एकच दिसतात. बकिंगहॅम दुसऱ्या गटातलं, हे इथे लगेच कळतं. ग्रिम्सबी, डर्बी यांतला ‘बी’ मात्र सरळ आहे: नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतली वाडी.

उणीव एकच, पण मोठी. जुनी स्पेलिंगं सालवार मिळत नाहीत, आणि व्युत्पत्तीचा पुरावा तर तोच. 1086च्या डूम्सडे नोंदींत, म्हणजे इंग्लंडच्या जमीन-पाहणीत, नॉटिंगहॅमच्या सुरुवातीला ‘स’ आहे. तो पाहिल्याशिवाय या नावामागे स्नॉट नावाचा माणूस आहे, हे पटणारच नाही. त्यासाठी इंग्लिश प्लेस-नेम सोसायटीचे काउंटीवार खंड उघडावेत. शेतांची, गल्लीबोळांची नावंही तिथेच.

गावांवरून पडलेल्या आडनावांसाठी ही सेवा जपून वापरा. ‘सटन’ म्हणजे दक्षिणेकडची वाडी, एवढं ती सांगेल. पण सटन नावाची गावं अनेक आहेत. घराणं नेमकं कुठलं, हे पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, नोंदवह्याच ठरवतात.