आधी ‘बाप्तिस्मा झालाय का’ एवढं विचारा! चर्चच्या ट्रायब्युनलचा (म्हणजे चर्चच्या कोर्टाचा) माझा अनुभव

पाचपैकी साडेतीन स्टार. दीड कापलाय तो पॅरिश ऑफिसमध्ये, म्हणजे गावच्या चर्चच्या ऑफिसात, वाया गेलेल्या पाच महिन्यांसाठी, ट्रायब्युनलच्या फादरना माझ्याकडून पूर्ण पाच.

मी हिंदू, घटस्फोटित, आणि लग्न ठरलंय गोराईच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठी कॅथलिक समाजातल्या, मुलाशी. फॅमिली कोर्टाची म्युच्युअलची डिक्री हातात होती म्हणून मला वाटलं झालं, आता मोकळी, पण चर्चच्या लेखी तसं नसतं. माझं पहिलं लग्न सप्तपदीने लागलेलं, नवराही हिंदूच, तरी चर्च ते लग्न खरंच धरतं आणि कोर्टाने मोडलं तरी त्यांच्याकडे ते मोडत नाही. आधी खूप राग आला, मग रडू आलं, कारण माझ्या सप्तपदीला इतकं खरं तर माझ्या सासरच्यांनीही मानलं नव्हतं.

पॅरिश ऑफिसमध्ये सांगितलं ॲनलमेंट करा, म्हणजे ते लग्न मुळात झालंच नव्हतं असं सिद्ध करायचं. भलामोठा फॉर्म, पाच महिने मी तेच जुनं सगळं उकरून लिहीत बसले, साक्षीदारांच्या हातापाया पडले. आणि ट्रायब्युनलच्या फादरनी पहिल्या दहा मिनिटांत विचारलं, "तुम्ही आणि तुमचा पहिला नवरा, दोघांपैकी कुणाचा बाप्तिस्मा झालाय का?" नाही म्हटल्यावर त्यांनी तो फॉर्म बाजूलाच ठेवला.

दोघंही बाप्तिस्मा न झालेले असतील तर ते लग्न चर्चकडूनच मोडून घ्यायच्या दोन वाटा आहेत. मी स्वतः बाप्तिस्मा घेतला, आणि आधीच्या नवऱ्याला ना बाप्तिस्मा हवाय ना परत संसार, तर पौलिन प्रिव्हिलेज, ते इथल्या इथे होतं. नाही घेतला तर पेट्रिन, त्याची फाइल रोमला जाते आणि निर्णय पोपचा. नुसत्या लग्नासाठी बाप्तिस्मा घेऊ नकोस, हे फादरच म्हणाले, हे मी विसरणार नाही.

मग माझा बाप्तिस्मा झालेला नाही याचा पुरावा! आईला साक्षीला बोलावलं. माझा जन्म मिशनच्या हॉस्पिटलमधला, तर तिथे सिस्टरनी बाप्तिस्म्याचं पाणी वगैरे घातलं होतं का, असं विचारलं. आई पदर सावरून म्हणाली, "मोतमावलीच्या जत्रेला आम्ही दरवर्षी मेणबत्ती लावतो फादर, पण पोरीचं फक्त बारसं केलंय." त्यांनी ते शब्दन् शब्द लिहून घेतलं, वाचून दाखवलं, मगच सही घेतली.

पहिला संसार मुख्यतः माझ्यामुळे किंवा माझ्या होणाऱ्या नवऱ्यामुळे मोडला नाही ना, परत जुळायची आशा आहे का, हेही बघतात, आधीच्या नवऱ्यालाही पत्र जातं. मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायला माझी आडकाठी नाही असंही लिहून दिलं, त्यावर आम्ही दोघं आधी चार रात्री बोललो होतो.

तुम्ही आणि तुमचा आधीचा जोडीदार दोघंही आधीपासून बाप्तिस्मा झालेले असाल, प्रोटेस्टंट का असेना, तर ही वाट नाही, तिथे ॲनलमेंटचीच केस लागते. पण 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्या ट्रायब्युनलकडूनही तोच निकाल घेण्याची सक्ती काढलीय, त्यामुळे एक फेरा वाचतो.

आमची फाइल गणपतीच्या आधी रोमला गेली. पत्र येईपर्यंत फादर तारीख देत नाहीत, म्हणून हॉल अजून बुक केलेला नाही.