मासेमारीचं रीळ सर्व्हिसिंगला कुठं द्यावं? उद्यमनगरातलं एक वर्कशॉप

शिवाजी उद्यमनगरात लेथच्या घरघरीत एक छोटं वर्कशॉप आहे. मूळ काम शिलाई मशीनच्या दुरुस्तीचं, पण काही वर्षांपासून ते गळाची रिळंही उघडून, धुऊन, तेल-ग्रीस करून देतात. दारावर पाटी नाही. मालक वयस्कर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणते. कोल्हापुरात हे काम मन लावून करणारं दुसरं ठिकाण मला सापडलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझी दोन रिळं दिली होती. काळम्मावाडी धरणाच्या फुगवट्यावर वापरते ते शिमानोचं ४००० साइजचं, आणि मालवण-देवगडला नेते ते पेन (Penn) कंपनीचं ६००० साइजचं. पेनच्या हँडलला करकर येत होती आणि दोर ज्यावरून वळतो तो लाइन रोलर मिठानं जाम झाला होता. रोलर फिरला नाही की दोर त्याच्यावर घासत राहतो, ब्रेडचे, म्हणजे विणलेल्या दोराचे, तंतू सुटायला लागतात आणि ऐन जिताडा लागल्यावर दोर तुटतो. शिमानोचं दुखणं वेगळं होतं. हिसका मारला की हँडल उलटं सरकायचं, त्यामुळं गळ माशाच्या तोंडात नीट रुतायचाच नाही. त्याआधी एका दुकानात त्याचं सर्व्हिसिंग करून घेतलं होतं.

मामांनी रोटर, म्हणजे फिरून दोर गुंडाळणारा भाग, काढला आणि ते दुखणं लगेच दिसलं. उलट फिरणं रोखणाऱ्या क्लचमध्ये पांढरं ग्रीस गच्च भरलेलं होतं. या क्लचमध्ये बारीक रोलर आणि त्यांच्या स्प्रिंगा असतात. हँडल उलटं जायला लागलं की रोलर मधल्या नळीला आवळून धरतात, आणि हे एका क्षणात व्हावं लागतं. "ताई, हितं गिरीस चालत न्हाई. रोलर चिकटून बसत्यात, मग पकडणार कसं?" एवढंच म्हणून त्यांनी क्लच धुतला, सुईच्या टोकानं पातळ तेल नुसतं टेकवलं आणि बसवला. आता हिसका मारला की हँडल जागच्या जागी थांबतं.

त्यांचं काम शेजारी बसून बघता येतं, ही मला सर्वांत आवडलेली गोष्ट. स्पूल (दोर गुंडाळलेली फिरकी), हँडल, रोटर, साइड प्लेट ज्या क्रमानं निघतील त्या क्रमानं एका लांब ट्रेमध्ये ओळीनं मांडतात. मोठ्या गिअरखाली कागदासारख्या पातळ चकत्या असतात, त्या कुठल्या बाजूच्या आणि किती हे मोबाइलवर फोटो काढून ठेवतात. यातली एक चकती इकडची तिकडे झाली तर गिअर एकतर घट्ट बसतो नाहीतर खुळखुळतो. ई-क्लिप काढताना वरून फडकं धरतात, ती उडून लेथच्या बुऱ्यात गेली तर पुन्हा मिळणं नाही. धातूचे भाग टर्पेंटाइनमध्ये, प्लास्टिक आणि रबराचे साबणाच्या कोमट पाण्यात. कॉम्प्रेसरची हवा मारून वाळवतात, पण बेअरिंग बोटानं दाबून धरून. कोरडं बेअरिंग हवेनं भन्नाट फिरवलं तर आतल्या गोळ्या खराब होतात. मग ते काडीवर अडकवून हलकेच फिरवतात आणि कानाशी नेऊन ऐकतात.

गिअरच्या दातांना पाण्यात न विरघळणारं मरीन ग्रीस लागतं, पण ब्रशनं पातळ, दातांच्या फटीत पोचेल इतकंच. बेअरिंगला, लाइन रोलरला, हँडलच्या मुठीला तेल. स्पूल वर-खाली नेणाऱ्या दांड्याला ग्रीसचा हलका हात. डब्ल्यूडी-४० मामा फक्त गंजलेला स्क्रू सोडवायला वापरतात. ते पाणी हटवायला उत्तम, पण गिअरवर वंगण म्हणून टिकत नाही, आधीचं ग्रीसही धुऊन नेतं. आपल्याकडं कित्येक जण रिळात तेच फवारतात, त्यांना कळकळीनं सांगते, थांबवा.

माझ्या एका मैत्रिणीच्या बेटकास्टर जातीच्या रिळाचं स्पूल बेअरिंग संपलं होतं. मामांनी कॅलिपर लावला, ३×१०×४ मिलिमीटर. म्हणजे ६२३ नंबर, कुठल्याही बेअरिंगवाल्याकडं मिळणारं. समुद्रावर जाणार असाल तर स्टेनलेसचंच घ्या, असं बजावून त्यांनी तेच बसवलं. परदेशातून भाग मागवायचा खर्च वाचला. मशीनच्या गावात राहण्याचा हा फायदा आहे आणि मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं.

आता उणिवा. ड्रॅगचं, म्हणजे मासा जोरात ओढायला लागला की दोर बेतानं सोडणाऱ्या ब्रेकचं, खास ग्रीस त्यांच्याकडं नसतं. ड्रॅगच्या कार्बन चकत्यांना साधं ग्रीस लावलं तर ड्रॅग झटके देत सुटतो, आणि झटका बसला की तंगूस तुटलाच. मी माझी ट्यूब नेली होती, तुम्हीही न्या. कंपनीचे मूळ भाग मिळत नाहीत. मॅगसील असलेलं दायवाचं रीळ ते त्या भागापर्यंत उघडत नाहीत, कारण आतलं चुंबकानं धरलेलं तेल एकदा गेलं की इथं भरता येत नाही. तसं स्पष्ट सांगून परत देतात. मला ते नीटच वाटतं, पण सांगलीहून कुणी त्यासाठी हेलपाटा मारू नये. आणि वेळ लागतो. शिलाई मशीनवाल्यांची घाई असली की रीळ मागं पडतं, फोन करून विचारलं तर "बघतो" एवढंच उत्तर मिळतं.

गोड्या पाण्यातल्या रिळाला ३५० रुपये घेतले, समुद्रावरच्याला ५००. बेअरिंगचे पैसे वेगळे, आणि जुनं बेअरिंग हातात परत देतात.

पेनचं रीळ देताना मामांनी विचारलं की समुद्रावरून आल्यावर काय करता. त्यांनी सांगितलेली पद्धत आता मी पाळते: ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याचा हलका शिडकावा, जोराची धार नाही, बादलीत बुडवणं तर नाहीच. पुसून सावलीत वाळवायचं आणि ठेवताना ड्रॅग सैल सोडायचा, म्हणजे चकत्या दबून राहत नाहीत. तेव्हापासून लाइन रोलर एकदाही अडकलेला नाही.

रिळं द्यायची तर जूनमध्ये द्या. १ जूनपासून कोकणात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, किनाऱ्यावर लाटा उसळलेल्या असतात, इकडं पंचगंगा गढूळ होऊन पात्राबाहेर पडायच्या बेतात असते. रीळ तसंही घरीच पडून राहतं, आणि मामांनाही घाई करावी लागत नाही. सोबत कंपनीच्या कागदावरचा भागांचा नकाशा असेल तर तो न्या, आणि दोर काढून रिकामा स्पूल द्या.