फसफसणारी व्हिटॅमिन सी, पावसाळाभर वापरून

आधी झाकण. या नळीच्या झाकणात सिलिका जेल असतं, ते गोळ्या कोरड्या राहाव्यात म्हणूनच ना? ऑफरमध्ये घेतलेल्या पॅकमधल्या एका नळीचं झाकण कितीही दाबलं तरी घट्ट बसेना. आम्ही चिपळूणला राहतो. जुलै संपेपर्यंत गोळ्या पाण्यात पडायच्या आधी नळीतच फसफसून मोकळ्या! सायट्रिक ॲसिड आणि सोडा, दमट हवा लागल्यावर दुसरं काय होणार? वर तपकिरी डाग. ऑक्सिडेशन रोखणारं अँटिऑक्सिडंट म्हणून मिरवणारं सी, तेच हवेने ऑक्सिडाइझ झालेलं. कस्टमर केअरवाली म्हणते, "मॅडम, कोरड्या जागी ठेवा." जुलैत चिपळुणात अशी जागा तिनेच शोधून द्यावी.

जूनमध्ये मी चार स्टार दिले होते, संत्र्याच्या चवीवर. ते आता कमी करतेय. रोज घेऊनही गणपतीच्या आधी घरात सगळे शिंकत होते. कॉक्रेन, म्हणजे औषधांवरच्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था; तिच्या 2013 च्या आढाव्यातही तेच आहे: नेमाने घेतलं तरी सर्वसामान्य माणसाची सर्दी टळत नाही, मोठ्यांची साधारण 8 टक्के लवकर सरते. म्हणजे आठवड्याच्या सर्दीत अर्धा दिवस. मॅरेथॉन धावणारे किंवा बर्फात कवायत करणारे सैनिक यांना मात्र सर्दी होण्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. आमच्याकडे धावपळ फक्त सकाळच्या एसटीमागे.

पांढऱ्या पेशींना हे जीवनसत्त्व लागतं, यात वाद नाही. जंतू मारायला त्या स्वतःच ऑक्सिडंट, म्हणजे जाळणारी रसायनं, सोडतात, त्यात आपणच भाजू नये म्हणून सी भरून ठेवतात. पण त्यांचा साठा भरला की वरचं लघवीवाटे जातं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2020 च्या हिशेबाने पुरुषाला दिवसाला 80 मिलिग्रॅम पुरतं, बाईला 65. गोळीत 1000. पैसे कुठे जातात ते कळलं.

सप्टेंबरमध्ये सासूबाईंचं बीपी वाढलं, तेव्हा डॉक्टरांनी पहिली ही नळी बंद केली. फसफसायला सोडा, म्हणजे बीपी चढवणारं सोडियम आलंच; अशा एका गोळीत दोन-तीनशे मिलिग्रॅम सहज असतं. मुतखडा होऊन गेलेल्या आमच्या ह्यांनाही मनाई, ती मात्र एवढ्या सीमुळे. हे पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात का छापत नाहीत? तिथे फक्त "इम्युनिटी".

आता पेरू आणतो. 100 ग्रॅमला 200 मिलिग्रॅमच्या आसपास सी, आणि झाकणाची कटकट नाही. एक स्टार ठेवतेय, तो चवीचाच. उरलेल्या नळ्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवल्यात. अर्धी-अर्धी गोळी करून मीच संपवीन, पैसे मोजलेत.