डांबर की माती? हौशी बाइक रेसिंगचा पहिला हंगाम कुठे काढावा

लायसन्स, मेडिकल, हेल्मेट वगैरे तुम्ही आधीच पाहून ठेवलं असेल असं धरतो. एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संस्थेचं, लायसन्स दोन्हीकडे लागतंच. खरा पेच त्यानंतरचा आहे: पहिला हंगाम डांबरी ट्रॅकवर काढायचा की मातीत? मी पुण्यात राहतो, नोकरी करतो, शनिवार-रविवार एवढाच वेळ माझा. 2022 चा हंगाम मी कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर काढला आणि त्यानंतर मातीत उतरलो. एवढ्या अनुभवावर बोलतोय, तेव्हा थोडं कमी-जास्त तुम्ही करून घ्या.

डांबराची सगळ्यात मोठी सोय म्हणजे वन-मेक, म्हणजे एकाच कंपनीच्या गाड्यांच्या शर्यती. टीव्हीएसची 1994 पासून चालू आहे, रॉयल एनफिल्डचा कॉन्टिनेन्टल जीटी कप 2021 मध्ये आला. निवड झाली तर गाडी कंपनीची आणि सगळ्यांना सारखी. आपण सूट, बूट, ग्लोव्ह्ज घेऊन जायचं. माझी तशी निवड झाली नाही. मी एका टीमकडून 165 सीसीची गाडी भाड्याने घेतली. तरीही गाडी न्यायची-आणायची कटकट नव्हती.

शिवाय डांबरावर शिस्त लागते, ती दुसरीकडे इतकी लागत नाही. स्क्रुटिनीच्या, म्हणजे शर्यतीआधीच्या गाडीतपासणीच्या, आदल्या संध्याकाळी टीमच्या मेकॅनिकने मला ऑइलचा ड्रेन बोल्ट दाखवला. त्याच्या डोक्यात बारीक भोक पाडलेलं, त्यातून तार ओवून पकडीने पीळ देत शेजारच्या बोल्टला बांधलेली. पीळ अशा दिशेने की बोल्ट सैल व्हायला लागला तर तार त्याला परत घट्टच ओढेल. ट्रॅकवर ऑइलचे चार थेंब सांडले तरी मागून येणारे पाच जण आडवे होतात, म्हणून ही तार. त्या दिवसापासून मी रस्त्यावरच्या गाडीचेही बोल्ट हाताने चाचपून बघतो.

आणि वेग! कारीची सरळ पट्टी संपताना गाडी ताणलेली, गुडघा बाहेर काढायची वेळ, पोटात खड्डा. हे सुख मातीत नाही, मान्य करायला हवं.

मग मी तिथे का थांबलो नाही? खर्चामुळे नाही, पडण्याच्या भीतीमुळेही नाही. मी दर वेळी विसरून जायचो, म्हणून.

दोन शर्यतींच्या मध्ये सहा-सात आठवडे जायचे. पुण्याहून कोईमतूर म्हणजे रेल्वेत एक दिवस आणि एक रात्र. जाऊन-येऊन अडीच हजार किलोमीटर. तिथे पोचल्यावर सरावाची तीन सेशन, प्रत्येकी पंधरा मिनिटांची. माझी फेरी दीड मिनिटाच्या आसपास, पहिली-शेवटची सोडली तर एका सेशनमध्ये आठ धड फेऱ्या. ट्रॅक 2.1 किलोमीटरचा. शर्यतीच्या सहा फेऱ्या धरल्या तरी सगळं मिळून त्रेसष्ट किलोमीटर. आणि त्यातलं पहिलं सेशन मागच्या वेळी जमलेलं परत आठवण्यात जायचं. वळण शंभर मीटरवर आल्याचा 100 चा बोर्ड दिसला की हात आपोआप ब्रेकवर जायचा, डोकं सांगत असायचं की अजून वाट बघ, पण हात ऐकायचा नाही. तेवढ्यात आतल्या बाजूने तिथलाच एखादा सोळा वर्षांचा पोरगा निघून जायचा. त्याच्यासाठी तो ट्रॅक घरचा होता, जमेल तेव्हा तो तिथे गाडी फिरवायचा. तिसऱ्या सेशनला माझा हात मोकळा व्हायचा, शर्यत व्हायची आणि परत सात आठवडे काही नाही. हे रस्त्यावर भरून काढता येत नाही, काढायचा प्रयत्नही कुणी करू नये.

हंगामाच्या शेवटच्या परतीच्या गाडीत, सोलापूर मागे पडल्यावर, मी वहीत फेऱ्यांच्या वेळा मांडल्या. पहिल्या वीकएंडच्या शेवटच्या सेशनची वेळ आणि शेवटच्या वीकएंडच्या पहिल्या सेशनची वेळ जवळपास तीच होती. वर्षभरात मी जागचा हललो नव्हतो. तिथे निर्णय झाला.

मातीत उलट आहे. शिरूरला मामाचं रान आहे. कांदा निघाला की तो तुकडा मोकळा पडतो. मामाने एवढंच सांगितलं, ‘काय फिरवायची ती फिरव, बांध तेवढा तोडू नको.’ चार जुने टायर पुरून दोन वळणं केली आणि ट्रॅक्टरने एक उंचवटा ओढून घेतला. दर रविवारी सकाळी दोन तास, सोबत एक मित्र कायम, कारण एकट्याने मातीत गाडी चालवायची नाही हा आमचा नियम. त्या दोन तासांत मी जेवढं चालवतो तेवढं कोईमतूरला दोन वीकएंडमध्ये मिळालं नसतं. मागचं चाक घसरलं की थ्रॉटल सोडायचा नाही, पाय पुढे टाकायचा, हे वाचून येत नाही. शंभर वेळा घसरून येतं. शर्यतीही जवळ होतात: सुपरक्रॉस (मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारत जायची शर्यत) आणि रॅली नाशिक, पुणे, गोव्याकडे होत आल्या आहेत. भारतीय बनावटीच्या 260 सीसीपर्यंतच्या गाड्यांचा नोव्हिस, म्हणजे नवशिक्यांचा, क्लास असतो, त्यामुळे हीरोच्या एक्सपल्ससारखी साधी गाडी घेऊन उतरता येतं.

त्रास आहेच. गाडी तुमची, मोडतोड तुमची. लिव्हर आणि क्लच केबल मी जोडीनेच आणतो. रविवारची रात्र एअर फिल्टरला जाते: फोम साबणाच्या पाण्यात दाबून दाबून धुवायचा, पिळायचा नाही, नाहीतर जोड उसवतो, सावलीत वाळवायचा, मग ऑइल चोळून बसवायचा. पहिल्यांदा पाणी काळं निघतं, चौथ्यांदा चहासारखं, सातव्यांदा स्वच्छ. हे एकदा टाळलं तर पिस्टन-रिंगचं बिल येतं. आणि मातीत माणूस पडतो पुष्कळ. डांबरावर मी वर्षात एकदाच पडलो, घसरत गेलो आणि लेदरमुळे उठून चालू लागलो. मातीत पडण्यांची मोजदाद ठेवलेली नाही, बहुतेक सगळी हळू वेगातली, पण एकदा मनगट चार आठवडे प्लास्टरमध्ये होतं. टायपिंगवर पोट असलेल्यांनी हे लक्षात घ्यावं.

तुम्ही चेन्नई, कोईमतूर किंवा बेंगळुरूला राहत असाल तर माझा हिशोब तुम्हाला लागू नाही; सरळ डांबरावर जा. घरात चौदा-पंधरा वर्षांचं पोर असेल आणि त्याला आशियाई शर्यतींपर्यंत जायचं असेल तर तेही तिकडेच, आणि लवकर. पण तिशीच्या आसपासचा, महाराष्ट्रात राहणारा, सुट्टी मोजून घेणारा माणूस मला विचारेल तर मी त्याला आधी मातीत दोन हंगाम काढ म्हणेन. पहिले पैसे गाडीवर घालू नका. ऑफरोडचे चांगले, घोट्याला घट्ट धरणारे बूट घ्या आणि गुडघ्याचे ब्रेस.

लेदर सूट मी विकलेला नाही. या डिसेंबरात दोन दिवस कारीला जायचा विचार आहे, फक्त सरावाला. दोन वर्षांच्या घसरण्यानंतर 100 च्या बोर्डापाशी हात काय करतो ते बघायचंय.