क्वालालंपूर-मलाक्का बस आणि तिथले रात्रीचे बाजार, आईसोबत

टूरवाल्यांचे रेट ऐकले आणि म्हटलं जाऊदे, आपणच जाऊ. मी आणि आई, वय 64, माहेर मालवणचं, गुडघे जरा कुरकुरतात पण खायचं म्हटलं की चालायला तयार. मलेशिया निवडलं कारण 1 डिसेंबर 2023 पासून आपल्याला 30 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, फक्त तिथे पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरायचं, फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्या साइटी असतात त्यांच्या नादी लागू नका.

आधी बसबद्दल, कारण घरी सगळे तेच विचारतायत. मलाक्काच्या बस क्वालालंपूरच्या टीबीएस नावाच्या टर्मिनलवरून सुटतात, बंदर तासिक सलातान स्टेशनला लागूनच आहे. आता मी ठाण्यात खोपटच्या स्टँडवर वाढलेला माणूस, बस लागली की खिडकीतून रुमाल टाकायचा हे संस्कार. इथे एअरपोर्टसारखे काउंटर, वर बोर्डावर गेट नंबर, तिकिटावर नाव, आणि वेळ झाल्याशिवाय खाली फलाटावर सोडतच नाहीत. आई म्हणाली विमान परत बदलायचंय का. तिकीट माणशी पंधरा रिंगिटच्या आतच पडलं, रिंगिट तेव्हा साधारण वीस-बावीस रुपये होता, म्हणजे अंतर जवळपास ठाणे-पुण्याएवढं आणि भाडं तीनशेच्या आसपास. आपलं रेडबस तिथेही चालतं, पण दर अर्ध्या-पाऊण तासाला बस असते त्यामुळे शुक्रवार-रविवार सोडून आधी बुकिंगची गरज नाही.

बस एका बाजूला दोन आणि एका बाजूला एक सीटवाली, पाय लांब करून झोपता येईल एवढी जागा. दोन तासात पोचलो, घाट नाही, खड्डा नाही, दोन्ही बाजूला नुसती पामतेलाची झाडं. आई बराच वेळ "माड किती बुटके ठेवलेत" म्हणत होती, मग मीच सांगितलं की हे माड नाहीत. एसी मात्र इतका गार की बाहेर घाम आणि आत कुडकुडणं, स्वेटर बसच्या पोटातल्या बॅगेत टाकू नका, हातात ठेवा. आणि बसमध्ये टॉयलेट नसतं, टर्मिनलवरच उरकून घ्या.

परतीचा अनुभव वेगळा. रविवारी रात्री 8 ची बस, दुसरी कंपनी, नाव घेत नाही. फोटोत एक-दोनवाली बस, आली ती दोन-दोनवाली, तीही पाऊण तास उशिरा, आणि विचारलं तर ड्रायव्हर हसून "जॅम, जॅम". वर हायवेला सगळं वीकेंडचं पब्लिक परतत होतं, घोडबंदर रोडची आठवण आली. टीबीएसला पोचेपर्यंत रात्रीचे साडेअकरा. रविवारी संध्याकाळी परत येऊ नका, दुपारीच निघा.

आता खाणं. पसार मलाम म्हणजे रात्रीचा बाजार, पसार हा आपला बाजारच. आम्ही दोन केले आणि दोघांत जमीन-अस्मानाचा फरक.

पहिला क्वालालंपूरला चेरासमधला तामान कॉनॉटचा, फक्त बुधवारी संध्याकाळी भरतो, एमआरटी मेट्रोला त्याच नावाचं स्टेशन आहे. एकच रस्ता, जवळजवळ दोन किलोमीटर, चपला-मोबाईल कव्हर-भाजी-कपडे आणि मधेमधे खाणं. टुरिस्ट अगदी कमी, ऑफिसमधून सुटून पिशवी घेऊन आलेली माणसं, म्हणजे गावदेवीला संध्याकाळी असते तशी गर्दी. अपम बालिक खाल्लं, दुमडलेल्या धिरड्यात दाण्याचं कूट, साखर आणि मका, गरमच खायचं, पाच मिनिटांनी चामडं होतं. उसाचा रस मिळाला पण आलं-लिंबू नाही, नुसता गोड, आई दोन घोटात थांबली. आंबवलेल्या टोफूची एक गाडी असते, तिचा वास तीन स्टॉल आधीपासून येतो, मी हिंमत केली नाही, खोटं कशाला बोलू. त्याउलट बलाचानचा, म्हणजे कोळंबीच्या आंबवलेल्या वाटणाचा, वास आल्यावर मी नाक धरलं आणि आई म्हणाली, "अरे सुकटीचो वास हा!" आणि थेट त्या गाडीवर जाऊन उभी राहिली.

इथे चिनी गाड्या जास्त, त्यामुळे डुक्कर बरंच असतं. चार शब्द पाठ करून जा: बाबी डुक्कर, लंबू गाय-बैल, आयाम कोंबडी, उदांग कोळंबी. पक्के शाकाहारी असाल तर मका, फळं, संपलं, कारण भाजीतसुद्धा बलाचान पडतं. त्यापेक्षा तमिळ हॉटेलात डोसा खा. पैसे रोख आणि सुटे ठेवा.

दुसरा मलाक्काचा जॉन्कर स्ट्रीट, शुक्रवार-शनिवार-रविवार. मलाक्का सेंट्रलहून 17 नंबरची बस लाल डच इमारतीपाशी सोडते, तिथून पूल ओलांडला की आलाच. फोटोला छान, कंदील वगैरे, पण शनिवारी रात्री पुढच्याच्या पाठीला नाक लावून चालायचं, दिवाळीत राम मारुती रोडवर चालतो तसं. काडीवरचा गुंडाळलेला बटाटा, आईस्क्रीम, फ्रिज मॅग्नेट, हेच पुन्हापुन्हा, भावही कॉनॉटपेक्षा चढे. बाजार म्हणून मी पाचात दोन देईन.

पण चेंडोल. त्यासाठी मलाक्काला सगळे गुन्हे माफ. तांदळाच्या हिरव्या शेवया, नारळाचं दूध, किसलेला बर्फ, वर गुला मलाका म्हणजे माडाचा काळा गूळ. आईने एक चमचा घेतला, थांबली, आणि म्हणाली, "ह्ये तर आमचे शिरवाळे नि रस, बर्फ कित्याक घातल्यांनी?" मग बर्फ बाजूला सारत पूर्ण वाडगा संपवला आणि दुसरा मागवला, पाच-सहा रिंगिटला वाडगा. दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी नसताना परत गेलो, दुकानं दिवसाही उघडी असतात, तर खरं म्हणजे रात्रीच्या रेटारेटीची गरजच नव्हती.

येताना गुळाच्या चार कांड्या आणल्या. तीन आईने स्वतःच्या डब्यात टाकल्यात, चौथी शेजारच्या काकूंना द्यायची म्हणून आठवडाभर फ्रीजवर ठेवलीय, अजून दिलेली नाही.